बाटलीवरचे नाव आणि आतले प्रतिपिंड

मूत्रपिंड बाहेरून एकजिनसी दिसत असले, तरी त्याच्या पातळ छेदात शेजारी शेजारी बसलेल्या पेशी कामाने आणि प्रथिनांनी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या असतात, की प्रतिपिंडांच्या साह्याने प्रथिने ओळखण्याच्या तंत्राची खरी कसोटी याच अवयवात लागते. माणसाच्या एका मूत्रपिंडात सरासरी सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून मूत्र तयार करणारी सूक्ष्म एकके असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या आरंभी केशवाहिन्यांचा गुच्छ, म्हणजे ग्लोमेरुलस असतो. त्याला बाहेरून वेढणाऱ्या पोडोसाइट पेशींत नेफ्रिन आणि पोडोसिन, त्यापुढच्या समीपस्थ नलिकेत मेगालिन, हेन्लेच्या वळशाच्या जाड चढत्या भागात युरोमोड्युलिन आणि शेवटच्या संग्राहक नलिकेच्या प्रमुख पेशींत अक्वापोरिन-२ अशी या प्रथिनांची वाटणी असते. म्हणूनच या अवयवावर वापरलेले प्रतिपिंड अपेक्षित पेशीत रंग दाखवते एवढ्यावर समाधान मानता येत नाही. त्याच छेदातील शेजारच्या नलिकांत ते रंग दाखवत नाही, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे लागते.

प्रतिपिंड म्हणजे शरीराने परक्या रेणूला ओळखून त्याला चिकटण्यासाठी तयार केलेले प्रथिन, आणि ज्याला ते चिकटते तो प्रतिजन. १९४१ मध्ये अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडण्याची युक्ती दाखवली आणि छेदात प्रथिन नेमके कुठे आहे हे डोळ्यांनी पाहणे शक्य झाले. पुढे १९७५ मध्ये कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारचे, म्हणजे एककृंतकी प्रतिपिंड अखंड मिळवण्याची पद्धत शोधली. बहुकृंतकी प्रतिपिंडे मात्र आजही प्रामुख्याने सशाला प्रतिजन टोचून त्याच्या रक्तद्रवातून काढली जातात. त्यांत एकाच प्रथिनाच्या निरनिराळ्या भागांना चिकटणाऱ्या रेणूंचे मिश्रण असते. हा ससा संपला की त्याचे प्रतिपिंडही संपते. पुढची बाटली दुसऱ्या सशाची असते, पण तिच्यावरचा उत्पादन क्रमांक तोच राहतो. बदलतो तो केवळ कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला लॉट क्रमांक. प्रस्तुत लेखिकेच्या वाट्याला जो मनस्ताप आला त्याचे मूळ या बारीक अक्षरांत आहे. तो मनस्ताप येथे सविस्तर मांडण्याचे कारण असे, की अशा प्रकरणांत दोष जवळजवळ नेहमीच बाटलीऐवजी प्रयोग करणाऱ्या हातांना दिला जातो.

लेखिका ज्या प्रयोगशाळेत काम करीत होती, तेथे उंदराच्या मूत्रपिंडातील पोडोसिन पाहण्यासाठी सशापासून काढलेले एक बहुकृंतकी प्रतिपिंड बराच काळ वापरात होते. त्या प्रतिपिंडाने ग्लोमेरुलसच्या कडेने बारीक, तुटक, स्वच्छ रेषा उमटे आणि नलिका काळ्याशार राहत. नव्या लॉटची बाटली आली आणि त्याच पद्धतीने, त्याच पॅराफिन ठोकळ्यातून काढलेल्या छेदांवर ग्लोमेरुलसबरोबर समीपस्थ नलिकांच्या आतील कडाही उजळल्या. गटातील ज्येष्ठांना या दृश्यात नवा शोध दिसला. पोडोसिन नलिकांतही असते असे म्हणता आले तर त्यावर चांगला शोधनिबंध होईल, या कल्पनेने उत्साह इतका वाढला, की लॉट बदलला आहे हे लेखिकेचे म्हणणे किरकोळ म्हणून बाजूला सारले गेले. कंपनीला तक्रार पाठवल्यावर पहिले उत्तर आले ते, अन्य कोणत्याही ग्राहकाची अशी तक्रार नाही आणि बहुधा अँटिजेन रिट्रीव्हल नीट झालेले नसावे, असे. फॉर्मालिनमुळे प्रथिनांत पडलेल्या गाठी उष्णतेने सोडवून प्रतिजन पुन्हा उघडा करण्याच्या पायरीला अँटिजेन रिट्रीव्हल म्हणतात. जुन्या लॉटसाठी हीच पायरी, याच सायट्रेट द्रावणात व्यवस्थित काम करीत होती, ही बाब पत्रात स्पष्ट लिहिलेली असूनही तिच्याबद्दल उत्तरात चकार शब्द नव्हता.

दुसऱ्या पत्राला उत्तर म्हणून कंपनीने ब्लॉकिंग पेप्टाइड विकत घेण्याचा सल्ला दिला. ब्लॉकिंग पेप्टाइड म्हणजे सशाला टोचलेला प्रथिनाचा तोच छोटा तुकडा. तो प्रतिपिंडात आधीच मिसळला की प्रतिपिंडाचे हात बांधले जातात आणि छेदावरचा रंग नाहीसा होतो. या चाचणीवर अजूनही अनेकांचा विश्वास आहे, म्हणून तिची मर्यादा ठासून सांगणे भाग आहे. रंग नाहीसा झाला याचा अर्थ प्रतिपिंड त्या तुकड्याला चिकटते एवढाच होतो. तेच रेणू नलिकेतल्या एखाद्या दुसऱ्याच, किंचित सारख्या दिसणाऱ्या प्रथिनाला चिकटत असतील, तर त्यांचेही हात त्याच तुकड्याने बांधले जातात आणि खोटा रंगही खऱ्याबरोबरच जातो. प्रयोगशाळेत नेमके हेच घडले. ग्लोमेरुलस आणि नलिका दोन्ही काळ्या झाल्या, आणि जी चाचणी काहीच सिद्ध करीत नव्हती तिच्या आधारे नलिकांतील पोडोसिनवर शिक्कामोर्तब झाल्याचे सर्वांनी धरून चालले.

त्यानंतर कंपनीच्या प्रतिनिधीनेच सुचवल्याप्रमाणे, पडताळ्यासाठी दुसऱ्या एका कंपनीचे पोडोसिनविरोधी प्रतिपिंड मागवले गेले. त्याची किंमत जास्त होती, लेबल वेगळे होते आणि उत्पादन क्रमांकही वेगळा होता. छेदावर त्याने दाखवलेले चित्र मात्र हुबेहूब तेच, नलिकांच्या उजळलेल्या कडांसह. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच साक्ष देतात, मग शंका कशाला, असा सूर लागला आणि लेखिकेच्या आक्षेपाला हट्ट हे नाव पडले. खरा उलगडा झाला तो सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे, तर टेबलावर दोन माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवल्यावर. दोन्हींवर वेस्टर्न ब्लॉटचे, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करून त्यांवर प्रतिपिंड लावण्याच्या चाचणीचे छायाचित्र होते. एकात ते चौकोनी कापलेले होते, तर दुसऱ्यात किंचित रुंद आणि अधिक गडद छापलेले होते. पण दोन्हींत ४२ किलोडाल्टनच्या पट्ट्याच्या वर उजव्या बाजूला नखाने ओरखडल्यासारखी तीच तिरकी रेघ होती आणि डाव्या कडेला तोच गोल डाग होता. सशाला टोचलेल्या तुकड्याचे वर्णनही शब्दशः एकच निघाले. एकाच पुरवठादाराचा माल दोन कंपन्यांनी आपापले लेबल लावून विकला होता. स्वतंत्र साक्षीदार म्हणून जो उभा केला, तो त्याच सशाचा रक्तद्रव होता आणि त्यासाठी संस्थेने दुसऱ्यांदा पैसे मोजले होते. हा व्यवहार बेकायदेशीर नसेलही. पण पडताळ्यासाठी दुसरे प्रतिपिंड घ्या असे स्वतःहून सांगणाऱ्याने ही गोष्ट दडवावी, याला फसवणुकीपेक्षा सौम्य शब्द लेखिकेला सापडत नाही.

पुढचा पडताळा सोपा होता आणि तो पहिल्याच आठवड्यात करू दिला असता तर पुढचे सगळे टळले असते. शीतपेटी रिकामी करा असा आग्रह होत असतानाही लेखिकेने जुन्या लॉटचे उरलेले थेंब उणे २० अंशांवर जपून ठेवले होते. एकाच ठोकळ्याचे सलग छेद घेऊन त्यांवर जुना आणि नवा लॉट एकाच दिवशी लावला, तेव्हा जुन्याने केवळ ग्लोमेरुलस आणि नव्याने नलिकाही रंगवल्या. यकृतात पोडोसिन नसते. तरीही यकृताच्या अर्कात नव्या लॉटने ठळक पट्टा दिला. पोडोसिनचे जनुक घातलेल्या आणि न घातलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचईके-२९३ पेशींतही तो पट्टा सारखाच उमटला. प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाविरुद्ध तयार केलेल्या, खरोखरच वेगळ्या उगमाच्या एककृंतकी प्रतिपिंडाने नलिका पुन्हा काळ्या दाखवल्या. उंदराच्या मूत्रपिंडातील एकेका पेशीच्या आरएनएचा जो नकाशा २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही पोडोसिनचे जनुक पोडोसाइटपुरतेच सक्रिय आहे. हे सर्व पुरावे कंपनीला पाठवल्यावर पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली गेली, आणि त्यानंतर काही काळाने संकेतस्थळावरील त्या उत्पादनाच्या वर्णनातून ऊतकछेदांसाठी योग्य हा उल्लेख कोणतीही सूचना न देता काढून टाकण्यात आला.

हा प्रकार एकट्यादुकट्याच्या वाट्याला येत नाही, हे प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून स्पष्ट होते. रक्तदाब आणि मूत्रपिंड यांच्या अभ्यासात अँजिओटेन्सिनचा एटी-१ हा ग्राही, म्हणजे संप्रेरकाचा संदेश पेशीत पोहोचवणारे प्रथिन, अत्यंत महत्त्वाचा मानला जातो. २०१३ मध्ये 'हायपरटेन्शन' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात या ग्राहीविरुद्धची बाजारातील प्रतिपिंडे तपासली गेली, तेव्हा ज्या उंदरांतून ग्राहीचे जनुकच काढून टाकले होते त्यांच्या ऊतकांतही अपेक्षित वजनाचा तोच पट्टा मिळाला. इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहीविरुद्धच्या १३ प्रतिपिंडांपैकी केवळ एकच विश्वासार्ह निघाल्याचे २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मधून समोर आले. पट्टा योग्य वजनावर आला म्हणजे प्रथिन तेच, हा समज या दोन उदाहरणांनंतर तरी सोडून द्यायला हवा. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने पडताळ्याचे पाच मार्ग मांडले: जनुक काढून पाहणे, प्रतिपिंडाविना मोजलेल्या प्रमाणाशी ताडून पाहणे, स्वतंत्र प्रतिपिंड वापरणे, खूण जोडलेल्या प्रथिनाशी तुलना करणे आणि प्रतिपिंडाने पकडलेले प्रथिन वस्तुमान वर्णपटाने ओळखणे. यांतील तिसऱ्या मार्गात स्वतंत्र या शब्दाची खात्री कशी करायची, हे मात्र ज्याचे त्याने शोधायचे असते. त्यासाठी टोचलेल्या तुकड्याचा क्रम लेखी मागावा, तो व्यापारी गुपित म्हणून नाकारला गेला तर ती बाटली पडताळ्यासाठी घेऊ नये, आणि माहितीपत्रकांवरची छायाचित्रे मोठी करून त्यांतले डाग जुळतात का ते पाहावे.

मूत्रपिंडाचे स्वतःचे सापळे आहेत आणि सर्वसाधारण पुस्तिकांत त्यांच्याबद्दल जेमतेम एखादी ओळ असते. समीपस्थ नलिकेच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात आणि त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मुबलक असते. म्हणून बायोटिन आणि अविडिन यांच्या जोडीवर आधारलेला रंगसंच वापरला, की प्रतिपिंड न लावताही नलिका तपकिरी होतात, आणि उष्णतेच्या पायरीनंतर हा दोष वाढतो. येथे बायोटिनविरहित, पॉलिमरवर आधारलेला संच घेणे हाच खात्रीचा उपाय आहे. याच नलिकांच्या ब्रश बॉर्डरमध्ये, म्हणजे आतील केसाळ कडेत, अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर भरपूर असते, त्यामुळे गोठवलेल्या छेदांवर या विकराचा रंग वापरायचा असेल तर लेव्हामिसोलने ते आधी निष्क्रिय करावे लागते. याच पेशींना स्वतःची हिरवी चमकही असते. ती प्रतिपिंडाची समजली जाऊ नये म्हणून महत्त्वाच्या प्रथिनासाठी लालच्या पलीकडचा, फार-रेड रंग घ्यावा आणि अजिबात रंग न लावलेला एक छेद प्रत्येक वेळी सोबत ठेवावा. उंदरावर उंदराचेच एककृंतकी प्रतिपिंड वापरले तर दुय्यम प्रतिपिंड, म्हणजे पहिल्या प्रतिपिंडाला चिकटून रंग दाखवणारे प्रतिपिंड, ऊतकातील मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाही चिकटते. प्रथिनमेहाने आजारी उंदरात गाळणीतून निसटलेले इम्युनोग्लोब्युलिन समीपस्थ नलिका शोषून घेतात, आणि त्यांचे थेंब अगदी खऱ्या रंगासारखे दिसतात. केवळ दुय्यम प्रतिपिंड लावलेला छेद नसेल, तर अशा छायाचित्रावर चर्चा करण्यातही अर्थ नाही.

वेस्टर्न ब्लॉटच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पोडोसिन सुमारे ४२ किलोडाल्टनवर दिसते आणि सर्व नमुन्यांत प्रथिन सारखेच भरले आहे हे दाखवण्यासाठी ज्या अ‍ॅक्टिनचा वापर होतो, तेही ४२वरच. जेलमधून प्रथिने ज्यावर उतरवतात त्या एकाच पटलावर आधी अ‍ॅक्टिन पाहून, ते प्रतिपिंड धुऊन, मग पोडोसिन पाहिले तर न धुतला गेलेला अ‍ॅक्टिनचा पट्टा पोडोसिन म्हणून मिरवू शकतो. तेव्हा वेगळ्या वजनाचे तुलना-प्रथिन घ्यावे किंवा वेगळे पटल वापरावे. मेगालिन सुमारे ६०० किलोडाल्टनचे असल्याने नेहमीच्या जेलमधून ते पटलावर नीट उतरतच नाही आणि ते नसल्याचा निष्कर्ष चुकीने काढला जातो. अक्वापोरिन-२ साखर न जोडलेल्या रूपात २९च्या आसपास आणि साखर जोडलेल्या रूपात ३५ ते ५०च्या दरम्यान पसरट दिसते, त्यामुळे त्याचे दोन पट्टे दोषाचे लक्षण नसतात. पेशीपटलातील अशा प्रथिनांचे नमुने उकळले तर ती एकमेकांना चिकटून जेलच्या वरच्या टोकाला अडकतात, म्हणून त्यांना सौम्य उष्णताच द्यावी. याखेरीज प्रत्येक नवे प्रतिपिंड निरनिराळ्या प्रमाणांत विरल करून पाहावे आणि नोंदी नीट ठेवाव्यात.

कोणती नलिका रंगली हे केवळ आकारावरून ठरवणे धोक्याचे असते, आणि त्यासाठी लेक्टिन, म्हणजे साखरेच्या विशिष्ट साखळ्यांना चिकटणारी वनस्पतींमधील प्रथिने, स्वस्तात आणि उत्तम कामाला येतात. लोटस टेट्रागोनोलोबस या वनस्पतीचे लेक्टिन समीपस्थ नलिकेची आतली कडा दाखवते, तर उंदराच्या संग्राहक नलिकांसाठी जगभर वापरले जाणारे डोलिकॉस बायफ्लोरस हे लेक्टिन कोकणात कुळीथ आणि देशावर हुलगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कडधान्याच्या बियांतून मिळते. वर सांगितलेल्या प्रकरणात नव्या लॉटचा खोटा रंग नेमका समीपस्थ नलिकेत आहे हे दाखवता आले ते लोटसच्या लेक्टिनमुळेच.

एका प्राण्यात खरे ठरलेले दुसऱ्यात खरे ठरेलच असे नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण मेगालिनचे आहे. १९५९ मध्ये हेमन यांनी रॅटमध्ये मूत्रपिंडाचा जो आजार निर्माण केला तो माणसातील मेंब्रेनस नेफ्रोपॅथीशी, म्हणजे ग्लोमेरुलसच्या गाळणीवर प्रतिपिंडांचे थर साचून होणाऱ्या आजाराशी फार मिळताजुळता होता. १९८२ मध्ये केर्जाश्की आणि फार्कर यांनी त्यातील लक्ष्य-प्रथिन शोधले आणि तेच पुढे मेगालिन म्हणून ओळखले गेले. रॅटच्या पोडोसाइटवर मेगालिन असते. माणसाच्या पोडोसाइटवर मात्र ते तसे सापडले नाही, आणि माणसातील प्रमुख लक्ष्य हाती येण्यास २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बेक, सालंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्याच रक्तातील प्रतिपिंडे वापरून फॉस्फोलिपेज ए-२ ग्राही हे पोडोसाइटवरील प्रथिन शोधून काढले. आज या आजाराच्या निदानात त्याच ग्राहीविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी केली जाते. माहितीपत्रकावर माणूस, उंदीर, रॅट अशी तिन्ही नावे सरसकट लिहिलेली असतात; त्यांतील प्रत्यक्ष तपासलेले कोणते आणि क्रमातील साम्यावरून केवळ गृहीत धरलेले कोणते, हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींबाबतही हीच सावधगिरी हवी. १९७३ मध्ये लायडन येथे तयार झालेल्या एचईके-२९३ पेशींच्या नावात मूत्रपिंड असले, तरी त्यांत चेतापेशींची लक्षणे आढळतात, त्यामुळे मूत्रपिंडातील प्रथिन तपासण्यासाठी त्यांचा उपयोग जनुक घालून तुलना करण्यापुरताच ठेवावा.

प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटण्याचा हा प्रश्न रुग्णालयातील निदानात अधिकच गंभीर होतो. लसिकाग्रंथीत सापडलेला कर्करोग मूत्रपिंडातून आला असावा का, हे ठरवताना पॅक्स-८ हे पेशीकेंद्रकातील प्रथिन पाहिले जाते. त्याविरुद्धची काही बहुकृंतकी प्रतिपिंडे मात्र पॅक्स-५ या भावंड-प्रथिनालाही चिकटतात आणि ग्रंथीतल्या नेहमीच्या बी लसिकापेशीही रंगवतात. येथे चूक झाली तर तिचे परिणाम शोधनिबंधापुरते राहत नाहीत.

खरेदीच्या पद्धतीबद्दलही लिहायला हवे, कारण लेखिकेच्या मते निम्मे अनर्थ तेथेच घडतात. तीन दरपत्रके आणि सर्वांत कमी दर हा नियम रसायनांना लागू पडत असेल. प्रतिपिंडांना तो लावणे म्हणजे न तपासलेला माल न तपासता घेणे होय. मागणीपत्रात उत्पादन क्रमांकासोबत लॉट क्रमांकही लिहावा, जुन्या लॉटची निदान एक छोटी कुपी नव्याशी तुलना होईपर्यंत वापरू नये, आणि शक्य तेथे पुनःसंयोजित, म्हणजे ज्याचा रेणुक्रम ठाऊक आहे आणि जे सशाविना पुन्हा पुन्हा तसेच बनवता येते, असे प्रतिपिंड घ्यावे. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक संशोधकांच्या पाठिंब्याने 'नेचर'मधून हीच मागणी केली होती. माल सीमाशुल्कात अडकून पोहोचला असेल तर थंडाव्याच्या पिशव्या वितळल्या आहेत का याचे छायाचित्र खोका उघडतानाच घ्यावे, अन्यथा पुढे साठवणुकीचा दोष हमखास ग्राहकाच्या माथी येतो. तक्रार करताना दूरध्वनीवर मिळालेली आश्वासने कधीही पुरेशी मानू नयेत. बोलणे संपताच त्याचा सारांश, लॉट क्रमांक आणि दोन्ही लॉटची शेजारी शेजारी ठेवलेली छायाचित्रे ईमेलने पाठवावीत, त्याची प्रत विभागप्रमुख आणि खरेदी कार्यालय या दोघांनाही द्यावी, आणि त्या उत्पादनाच्या माहितीच्या पानाची त्या दिवशीची प्रत जतन करून ठेवावी, कारण ते पान नंतर बदलले जाते.